लंगकावीला एक दिवस पक्षी बघायला उतरताय? या चुका टाळा

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर हल्ली मराठी कानावर पडतंच, आणि दोन-चार जणांच्या गळ्यात दुर्बीणही दिसते. फार बरं वाटतं. पण मलेशियातल्या या बेटावर मिळणारा एकुलता एक दिवस माणसं ज्या पद्धतीने घालवतात, ते बघून जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'ईगल फीडिंग'ची बोट घेणं. पहिल्या खेपेला मीही जहाजावरूनच सहल बुक केली होती. बेटाच्या किलिम भागातल्या खारफुटीत आमच्या मागेपुढे आणखी चार-पाच बोटी. बोटवाल्याने डब्यातून कोंबडीची कातडी काढून पाण्यात फेकली, इंजिनाने पाणी घुसळलं आणि ब्राह्मणी घारी कोसळल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. माझ्या अगदी डोक्यावर एक पिल्लू घार होती, अजून तपकिरीच, पांढरं डोकं यायचं होतं. नखांत कातडीची लांब पट्टी लोंबत होती आणि ती उडता उडताच फाडत होती. खाली चिखलात खेकडे उघडे फिरत होते, तिकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. मासे-खेकडे पकडायला शिकायच्या वयात ती इंजिनाचा आवाज ओळखायला शिकली होती. हीच घार मी लहानपणापासून हर्णैच्या बंदरावर बघत आले आहे. 'हेलांग' म्हणजे गरुड किंवा घार, 'कावी' म्हणजे तांबूस, त्यावरून लंगकावी हे नाव पडलं असं तिथे सांगतात. आपली काव आठवा, अगदी तोच रंग. ज्या पक्ष्याच्या नावाचं बेट, त्यालाच चरबी चारून मिंधं करायचं, हे मला पटत नाही.

आता मी काय करते? जहाजावरच तीन-चार पक्षीवेडे शोधते आणि थेट किलिमच्या धक्क्यावर जाऊन आमच्यापुरती छोटी बोट ठरवते. पैसे द्यायच्या आधीच दोन वाक्यं बोलून घेते : 'जांगान बागी माकान', खायला घालू नका, आणि 'मातिकान एन्जिन', इंजिन बंद करा. दुसऱ्या खेपेला अशाच एका आतल्या फाट्यात इंजिन बंद करून बसलो. दहा मिनिटं काहीच नाही. बरोबरचे एक काका चुळबुळ करायला लागले, "अहो, पुढे जाऊया ना!" मी हाताने थांबवलं. मग मुळांच्या जाळीत नारिंगी डोकं हललं. तपकिरी पंखांचा खंड्या, लालभडक चोच. उडाला तेव्हा पाठीवर लख्ख निळा पट्टा चमकला. भारतात हा बघायचा तर सुंदरबन नाहीतर भितरकनिका गाठावं लागतं. काका नंतर तासभर बोलले नाहीत, नुसते बघत होते.

दुसरी चूक दुर्बिणीची. रात्रभर एसी केबिनमध्ये ठेवलेली दुर्बीण दमट हवेत आली की काचांवर बाष्प धरतंच. त्यापायी माझा एक धनेश गेला. रस्त्याकडेच्या झाडावर बसला होता, मी दुर्बीण लावली तर नुसतं धुकं. घाईत ओढणीने पुसली, तर बाष्प फासलं गेलं आणि मिठाच्या कणांनी काचेवर जो ओरखडा आला तो अजून आहे. आता सकाळी उठल्याबरोबर दुर्बीण पिशवीत घालून डेकवर नेते आणि चहा होईपर्यंत पिशवी उघडत नाही. काच पुसायची वेळ आलीच तर आधी काचेवरची धूळ उडवायच्या रबरी फुंकणीने कण उडवायचे. बोटीत झाकबंद पिशवी हवीच.

'नऊ वाजले, आता कसले पक्षी' म्हणून नाश्त्याला रेंगाळू नका. लंगकावीचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. तिथे उजाडतं सात-साडेसातला आणि सूर्य माथ्यावर येतो सव्वा वाजता. नऊ वाजता पक्षी चांगले जागे असतात.

किलिम आणि गुनुंग राया दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट नको. ८८१ मीटरच्या त्या डोंगरावर मोठा धनेश दिसतो हे खरं, पण क्रूझचा धक्का बेटाच्या नैऋत्येला, किलिम ईशान्येला. दिवस टॅक्सीतच जाईल.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. पिट्टा, म्हणजे आपल्या नवरंगाचा भाऊबंद, चिडून समोर येईलही, पण ती त्याची हद्द राखायची धडपड असते.

बोटीत खाऊ उघडू नका, माकडं येतात.

भारतातलं पुस्तक एकटं नेऊ नका. तिथला छोटा काळा-पांढरा धनेश कोकणातल्यासारखा दिसला तरी जात वेगळी आहे.

पुढचा मुक्काम फुकेत असेल तर मोबाइल आपोआप एक तास मागे जातो, जहाजाचं घड्याळ जाईलच असं नाही. मी हातातल्या साध्या घड्याळात जहाजाची वेळ लावते आणि परतीची वेळ उतरतानाच कागदावर लिहून घेते.

आणि परत आल्यावर केबिनमध्ये जाऊन लगेच आडवे होऊ नका. नांगर उचलेपर्यंत डेकच्या किनाऱ्याकडच्या बाजूला उभे राहा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड डोंगरकड्यावरून पंख वर उचलून तरंगत येतो, आखूड पाचरीसारखी शेपटी दिसली की तोच. त्याला कुणी बोलावलेलं नसतं.