पेनसिल्व्हेनियाच्या गेम लँडवर हरणाच्या शिकारीला जाताय? या चुका टाळा

माझी पहिली चूक बंदूक हातात घेण्याआधीच झाली. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, पहाटेचे पावणेपाच, कडाक्याची थंडी. गेम लँडच्या, म्हणजे शिकारीला खुल्या सरकारी रानाच्या, खडीच्या पार्किंगमध्ये मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो, त्या ऐटीत गाडी थेट लोखंडी फाटकासमोर आडवी लावली. अर्ध्या तासात मागे पाच पिकअप उभे. त्यातल्या एकातून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले, काचेवर टकटक केली आणि शांतपणे विचारलं, "मेलेलं हरीण ओढत आणणाऱ्यानं तुझ्या गाडीवरून उडी मारायची का?"

गाडी हलवली. मग त्यांनी पिकअपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि विचारलं, "तू कुठे बसणार आहेस?" मी "बघतो अजून" म्हणून टोलवलं. तीन आठवडे पायपीट करून शोधलेली जागा अनोळखी माणसाला कशाला सांगा! ही दुसरी चूक. उजाडलं तेव्हा दिसलं की एकाच ओढ्याच्या दोन काठांवर, जेमतेम ऐंशी पावलांवर, आम्ही दोघं समोरासमोर भरलेल्या बंदुका घेऊन बसलोय. मधून हरीण गेलं असतं तर? आजही तो प्रश्न मी फार ताणत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गेली, तिचे शब्द तेवढे भाषेत राहिले. हाका, मचाण, सावज, दबा. इकडे आलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात शिकार म्हणजे एकटा वीर आणि घनदाट रान असतं. इथलं सरकारी रान तसं नाही. पेनसिल्व्हेनियात गेम लँडची पहिली खरेदी १९२० मध्ये एल्क काउंटीत झाली आणि आज ही जमीन सुमारे १५ लाख एकर आहे. आकडा मोठा वाटतो, पण रायफलच्या हंगामातल्या पहिल्या शनिवारी रस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या पट्ट्यात जत्रा असते. तिथे हरणापासून लपायचं, माणसांना मात्र दिसत राहायचं. बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानं होतात.

केशरी आहे, पण दिसत नाही

नियम सरळ आहे. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत केशरी, आणि तेही चहूबाजूंनी दिसणारं. दुकानातून जाकीट घेतलं की काम झालं असं आपण समजतो. प्रत्यक्षात काय होतं? चढावर घाम फुटतो, जाकीट काढून कमरेला बांधलं जातं. नाहीतर पाठीवर काळी सॅक येते आणि मागून बघणाऱ्याला केशरी टिचभरही दिसत नाही. उपाय स्वस्तातला आहे: अंगात पातळ केशरी बंडी, डोक्यावर केशरी टोपी आणि सॅकवर केशरी खोळ. जाकीट मग खुशाल काढा.

हरीण बिचकेल ही भीती उगाच असते. हरणाच्या डोळ्यांना तांबडं-केशरी आपल्यासारखं दिसत नाही, ते त्याला मातकट वाटतं. निळा रंग त्याला चांगला दिसतो. म्हणजे केशरी बंडीखाली जीन्स घालून गेलात तर हरणाला दिसेल ती जीन्स.

कापडी आडोशात बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही आत कितीही केशरी घाला, बाहेरच्याला झुडूपच दिसतं. म्हणून आडोशाच्या १५ फुटांच्या आत, सगळ्या बाजूंनी दिसेल असं किमान १०० चौरस इंच केशरी बाहेर लावावं लागतं. मी वरच्या फांदीला पट्टी बांधतो.

आणि खिशातला पांढरा रुमाल घरी ठेवा. हे वाचून हसू येईल, पण इथल्या हरणाचं नावच पांढऱ्या शेपटीवरून पडलंय. ते पळताना शेपटी उभारतं आणि झाडीत पांढरं काहीतरी लपकन हलतं. थंडीत नाक पुसायला पांढरा टिशू काढलात तर शंभर यार्डांवरून अगदी तेच दिसतं. झाडामागे बसलेल्यांनी तर विशेष सांभाळा.

स्कोपमधून माणूस बघणं

यावर जरा थांबतो, कारण ही चूक चांगली चांगली माणसंही करतात. दूर काहीतरी हललं. दुर्बीण सॅकमध्ये, रायफल हातात. उचलली आणि तिच्यावर बसवलेल्या स्कोपमधून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतून, पाहिलं. दिसला एक माणूस, चहा पीत बसलेला. "अरे, माणूस आहे" म्हणून रायफल खाली. तुमच्या दृष्टीनं काही घडलंच नाही. त्या माणसाच्या दृष्टीनं मात्र भरलेल्या बंदुकीची नळी काही सेकंद त्याच्या छातीवर होती, आणि त्यानं जर तुमच्याकडे पाहिलं असेल तर ते सेकंद तो जन्मात विसरत नाही. दुर्बीण गळ्यात अडकवा. आधी दुर्बीण आणि हरीण आहे याची खात्री, मागे काय आहे तेही बघायचं, रायफल त्यानंतर. चापावर बोट तर सगळ्यात शेवटी.

"मागे काय आहे" हे इथे नुसतं पुस्तकी वाक्य नाही. ०.३०-०६ सारख्या नेहमीच्या रायफलीची गोळी तीन मैलांहून लांब जाऊ शकते. टेकडीच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण फार सुंदर दिसतं, पण त्याच्यावर बार काढायचा नसतो. पलीकडच्या उतारावर कोण बसलंय हे तुम्हाला माहीत नाही. गेम लँडच्या कडेला घरं असतील तर राहत्या घरापासून १५० यार्डांची हद्दही पाळावी लागते. धनुष्यबाणवाल्यांसाठी ती ५० यार्ड आहे.

उलट बाजूनं, कोणी तुमच्या दिशेनं येताना दिसला तर? हात हलवू नका, शीळही घालू नका. अर्धवट उजेडात हलणारा हात म्हणजे पुन्हा लपकन हलणारं काहीतरी. जागचे न हलता मोठ्यानं, स्पष्ट बोला. "हंटर हिअर!" पुरतं. मी एकदा घाबरून "ओ दादा!" असं ओरडलो होतो. काम झालं. इतक्या खणखणीत आवाजात हरीण ओरडत नाही, हे पेनसिल्व्हेनियातल्या माणसालाही कळतं.

अंधारात चालतानाही तेच. बॅटरी पेटवून चाला. मांजरपावलांनी काळोखातून जाणं शिकाऱ्याला शोभतं वगैरे कल्पना सोडा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बार काढायची वेळ सुरू होते, आणि त्या उजेडात दिवा नसलेला चालता माणूस कसा दिसतो हे एकदा स्वतः उभं राहून पाहावं.

रुमाल टाकून जागा धरणं

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची आपली सवय इथे मचाणाच्या रूपानं बाहेर येते. गेम लँडवर मचाण ठेवता येतं, पण हरणांच्या पहिल्या हंगामाच्या दोन आठवडे आधीपासूनच, आणि शेवटच्या हंगामानंतर दोन आठवड्यांत ते काढावं लागतं. त्यावर नाव-पत्ता किंवा परवान्यावरचा ग्राहक क्रमांक हवा आणि झाडाला इजा होता कामा नये. खिळे ठोकणं बाद. नावाची पट्टी कशासाठी, तर मचाण कोणाचं हे कळावं म्हणून. भोवतालचं रान त्यानं तुमच्या नावावर होत नाही.

दुसऱ्याच्या मचाणावर चढू मात्र नका, ते रिकामं असलं तरी. एक तर ते त्याचं आहे. दुसरं, त्याचे पट्टे किती हंगाम उन्हापावसात सडलेत हे तुम्हाला माहीत नाही. मचाणावरून पडून मोडलेल्या माणसांना हरणाच्या शिकारीत तोटा नाही. स्वतःच्या मचाणावरही पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारे पट्टे, जमिनीवरच अडकवून चढा, आणि रायफल रिकामी करून मागाहून दोरीनं वर ओढा.

मग आपण शोधलेल्या जागी आधीच कोणीतरी बसलेलं असलं तर? परत फिरा. हळू बोलून "सॉरी" म्हणा, तो कोणत्या दिशेला तोंड करून बसलाय ते बघा आणि त्याच्या मागच्या बाजूनं निघा. म्हणूनच घरून निघताना तीन जागा ठरवून निघायचं. पार्किंगमध्ये तीन गाड्या दिसल्या की माझी पहिली जागा बाद होते, मी दुसऱ्या पार्किंगकडे वळतो. सुरुवातीला हे अन्यायाचं वाटायचं. आता वाटत नाही, कारण दुसऱ्या जागेवर मला जास्त हरणं दिसली आहेत. साडेनऊ-दहाला पाय गारठले की लोक गाडीकडे निघतात, आणि त्यांच्या वर्दळीनं उठलेली हरणं आडवाटेनं सरकतात. दहा ते बारा जो चिकाटीनं बसतो त्याच्यासाठी बाकीच्यांनी फुकटात हाका घातलेला असतो.

खराखुरा हाका घालणारी टोळी आली तर प्रकार वेगळा. एका घरातले, गावातले सात-आठ जण ओळीनं रान हाकत येतात आणि त्यांचे दोघे-तिघे पुढे दबा धरून असतात. त्यांना सामोरं जा, विचारा: ओळ कुठून कुठे जाणार, पुढचे कुठे उभे आहेत. बहुतेक जण नीट सांगतात, "तू तिथे त्या खडकाशी थांब" असंही म्हणतात. कळेपर्यंत बंदूक उचलायची नाही. ओळीच्या दिशेनं तर अजिबात नाही.

भांडण पेटायला लागलं तर

जखमी हरणाचा माग काढत तुम्ही दुसऱ्याच्या जवळ पोचता आणि तो त्याच हरणाजवळ सुरी घेऊन उभा असतो. पहिला बार तुमचा, शेवटचा त्याचा. हरीण कोणाचं? जुने शिकारी म्हणतात, जीवघेणा बार ज्याचा त्याचं. पण जीवघेणा कुठला यावर दोघांचं एकमत होईलच असं नाही. पहिल्याच वाक्यात हक्क सांगू नका. बंदूक रिकामी करा, ती रिकामी झालेली त्याला दिसू द्या, मग जखमा एकत्र बघा. जमलं तर ठीक, नाही तर हरीण सोडून द्या. मी एकदा सोडलंय. आठ टोकांची शिंगं होती, अजून आठवतात.

सोडा म्हणतो याला कारण आहे. विस्कॉन्सिनमध्ये सॉयर काउंटीत २००४ च्या नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याच्या खाजगी जमिनीतल्या मचाणावर बसण्यावरून वाद झाला आणि सहा शिकारी मेले. प्रत्येकाच्या हाती बंदूक असलेल्या ठिकाणी "तू मला कोण सांगणार" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. आपल्या रंगारूपाच्या माणसाला कधीकधी टोमणाही ऐकावा लागतो. गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा, निघायचं आणि गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन करायचा. कोणी मुद्दाम तुमची शिकार उधळत असेल तर तोही या राज्यात गुन्हा आहे, त्याचं काय करायचं ते वॉर्डन बघेल.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट, जी आपले लोक सर्रास विसरतात. विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, आणि परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो. म्हणून "जरा धर रे माझी रायफल, बूट बांधतो" हेसुद्धा परवाना नसलेल्या मित्राला सांगू नका. वकिलाला एकदा विचारून घेतलेलं बरं.

हरीण पडल्यावर

शिंगाला धरून हरीण ओढताना तुमच्यापेक्षा हरीणच जास्त दिसतं. त्याच्या शिंगांना आणि अंगाला केशरी पट्टी गुंडाळा. ती नाही म्हणून मी एकदा टोपी काढून शिंगात अडकवली, आणि नियमाप्रमाणे डोक्यावरही केशरी हवं म्हणून सॅकची खोळ डोक्याला बांधली. त्या अवतारात पार्किंगपर्यंत आलो.

आतडी पायवाटेवर किंवा पार्किंगजवळ काढू नका. दुपारी तिथे कुत्रा फिरवायला येणारे असतात, शाळेतली पोरं असतात. वाटेपासून आत जा. हरणांना झिजवून मारणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग २०१२ मध्ये या राज्यात पहिल्यांदा सापडला, त्यामुळे ठरवून दिलेल्या भागांतून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर न्यायला बंदी असते. तुमची जागा त्या भागात येते का, हे नकाशावर आधीच पाहून ठेवा.

आणि निघताना, नुकत्याच आलेल्या माणसाला सांगून जा: ओढ्याच्या वरच्या अंगाला अजून दोघं बसलेत, एक मचाणावर, एक खाली. त्या पहिल्या शनिवारी दुपारी ते सत्तरीचे गृहस्थ पार्किंगमध्ये पुन्हा भेटले. थर्मासमधली कॉफी माझ्यापुढे करत त्यांनी तोच नकाशा परत बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.