इटलीहून अमेरिकेला गेलेल्या पूर्वजाचं घराणं कसं शोधावं

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे, म्हणजे सिसिली, कालाब्रिया आणि नेपल्सच्या आसपासचे. त्यांच्या पतवंडांना पणजोबांचं घराणं शोधायचं असेल, तर आधी गावाचं नेमकं नाव हवं. इटलीत जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद त्या त्या गावच्या नगरपालिकेत, म्हणजे 'कोमूने'त होते. गाव माहीत नसताना इटलीची दप्तरं चाळण्यात वेळ घालवू नका.

गाव अमेरिकेतच शोधा

घरात 'आम्ही नेपल्सचे' असं सांगितलं जातं. पुष्कळदा ते फक्त जहाज सुटलेलं बंदर असतं, नाहीतर प्रांताचं नाव. म्हणून आधी नागरिकत्वाचा अर्ज मिळवा. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मतारीख, जन्मस्थान, जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख सापडते. १९१७ साली अमेरिकेत सैन्यभरतीसाठी झालेल्या पहिल्या नोंदणीच्या कार्डांवरही जन्मगाव विचारलेलं आहे.

मग जहाजाची प्रवासी यादी पाहा. १९०७ पासून तिच्यात मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ता लिहिलेला असतो. ही यादी दोन पानांवर पसरलेली असते, त्यामुळे दुसरं पान उघडायला विसरू नका. एलिस आयलंड या न्यूयॉर्क बंदरातल्या तपासणी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी आडनाव बदललं ही गोष्ट बहुतेक घरांत ऐकायला मिळते, पण तिथे तपासणी व्हायची ती जहाज सुटतानाच तयार झालेल्या यादीवरून. नावं बदलली ती नंतर, शाळेत, कामावर किंवा नागरिकत्व घेताना. म्हणून यादीत मूळ इटालियन नावच शोधा. आणि पणजी शोधताना तिचं माहेरचं आडनाव घाला, कारण इटालियन बायका लग्नानंतरही कागदोपत्री तेच लावत.

गावाचं नाव मिळालं की ते आजच्या नकाशावर पडताळून पाहा. सिसिलीतलं जिर्जेंती १९२७ साली आग्रिजेंतो झालं, कास्त्रोजोव्हान्नीचं त्याच वर्षी एन्ना झालं. छोटी वस्ती असेल तर तिच्या नोंदी शेजारच्या मोठ्या कोमूनेत असतात.

इटलीची दप्तरं

इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आन्तेनाती' हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे सगळे प्रांत नाहीत, जे नसतील ते 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर पाहा. सरकारी नोंदी दक्षिणेच्या मुख्य भूमीवर १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून आणि बाकी बहुतेक ठिकाणी १८६६ पासून सलग मिळतात. ईशान्येकडच्या व्हेनेतो भागात १८७१ पासून.

पानन् पान वाचू नका. वर्षाच्या वहीच्या शेवटी बहुधा नावांची सूची असते, काही गावांत दहा वर्षांची एकत्र सूचीही असते. तारखा अक्षरी असतात, तेव्हा इटालियन आकडे आणि महिने आधी पाठ करा. '7bre' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. '8bre' ऑक्टोबर, 'Xbre' डिसेंबर.

बापाच्या नावाआधीचा छोटा शब्द कधीही सोडू नका. 'दी जुझेप्पे' म्हणजे जुझेप्पे हयात होता. 'फू जुझेप्पे' म्हणजे तो वारला होता, आपल्याकडे नावाआधी 'कै.' लिहितात तसं. दोन नोंदींत 'दी'चं 'फू' झालेलं दिसलं की मृत्यूची वही नेमक्या त्या दोन तारखांमधली उघडायची.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचा ऐवज म्हणजे लग्नाच्या नोंदीला जोडलेली कागदपत्रं, 'आल्लेगाती'. दक्षिणेत वधूवरांचे जन्मदाखले आणि वारलेल्या आईबापांचे मृत्यूदाखले तर त्यात असतातच. शिवाय वराचा बाप हयात नसेल तर लग्नाला आजोबांची संमती लागे, आणि आजोबाही वारले असतील तर त्यांचाही मृत्यूदाखला जोडावा लागे. १८२० च्या सुमाराच्या एका लग्नाचे कागद असे थेट अठराव्या शतकात जन्मलेल्या माणसापर्यंत नेतात. म्हणून जन्मनोंद मिळाली की लगेच त्या मुलाच्या आईबापांचं लग्न शोधा, आणि त्याची जोडपत्रं वेगळ्या वहीत असली तरी ती उघडा.

एकाच नावाची चार चुलतभावंडं समोर आली तर नामकरणाची रीत उपयोगी पडते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींनाही तसंच दोन्ही आज्यांचं. ही रीत सर्रास होती, पण हा पुरावा नव्हे. आईचं पूर्ण नाव जुळल्याशिवाय कुणालाही वंशवृक्षात घेऊ नका.

संकेतस्थळावर नसेल तर

कोमूनेच्या नोंदणी कार्यालयाला साध्या इटालियनमध्ये छोटं पत्र लिहा. एका पत्रात एकच माणूस, त्याचं पूर्ण नाव, जन्माचं साधारण वर्ष आणि माहीत असतील तर आईबापांची नावं. आईबापांची नावं असलेला उतारा हवा, असं स्पष्ट मागा, नाहीतर साध्या दाखल्यात ती येत नाहीत.

सरकारी नोंदींच्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने बाप्तिस्मा आणि लग्न नोंदवणं बंधनकारक केलं. या वह्या बहुतांशी लॅटिनमध्ये असतात आणि गावच्या चर्चमध्ये किंवा बिशपच्या अभिलेखागारात ठेवलेल्या असतात. पत्र लिहिताना 'स्तातुस आनिमारुम' आहे का, हेही विचारा. पाद्री घरोघर जाऊन करत असलेली ही यादी, त्यात एका छपराखाली राहणारी सगळी माणसं वयासकट लिहिलेली असतात.