घरात आजी आहे आणि रांगतं बाळही: कुणी पडू नये म्हणून काय कराल?

रात्री दोन वाजता दिवा न लावता आजीच्या पलंगापासून संडासापर्यंत सावकाश चालून बघा. पायाला काय लागलं? चार्जरची वायर, नातवाची गाडी, दुमडलेलं पायपुसणं, न्हाणीघराचा उंबरठा. कामाला तिथूनच लागा.

पायपुसणं खाली रबर लावलेलं नसेल तर काढून टाका. जुन्या साडीची घडी पायपुसणं म्हणून टाकायची सवय असेल, तर ती आधी मोडा. वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा आणि खोलीच्या दिव्याचं बटण अंथरुणात पडल्या पडल्या हाताला येईल असं करून घ्या.

आता न्हाणीघर. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत पक्के स्क्रू मारून दांडे बसवा. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही, आणि आधार म्हणून हात नेमका त्यालाच जातो. रबरी वाटीने चिकटणारे दांडे तर घेऊच नका, ओल्या टाइलवरून ते कधी सुटतील सांगता येत नाही. अंघोळ बसून करायची, रबरी बुटांच्या स्टुलावर. बाळाला तेल लावून झालं की फरशी साबणाने पुसा. मालिशचं तेल फरशीवर दिसत नाही आणि त्यावरून घसरते आजी.

घर नीट झालं तरी चक्कर राहतेच. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या काठावर एक-दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि घरात आजोबा असतील तर प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना तोल जातो. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, पण मनाने एकही बंद करू नका. एक चाचणी घरीच होते: खुर्चीतून उठून 3 मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. याला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून डॉक्टरांशी बोला. ओटा धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे रोज चालू ठेवा. सपातीपेक्षा मागे पट्टा असलेली चप्पल बरी.

बाळासाठी खिडकी बघा. ग्रिलच्या गजांमध्ये 10 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर हवं. आडवे गज म्हणजे बाळाची शिडीच. डासांची जाळी मुलाला अडवत नाही. खिडकीखालचा दिवाण आणि गॅलरीतल्या कुंड्या हलवा. आजीने आधाराला ठेवलेली खुर्चीही तिथे नको, बाळ तीच ओढत नेऊन वर चढतं. पलंगावर उशांची भिंत रचून स्वयंपाकघरात जाऊ नका, उशीत नाक दबण्याचीही भीती असते.

चाकांचा गोल वॉकर कुणी भेट दिला तर वापरू नका. त्यात बसलेलं मूल पाहता पाहता जिन्यापर्यंत पोचतं. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

जिन्यावर मात्र गोची होते. बाळ अडावं म्हणून आपण फळी आडवी लावतो आणि आजी ती ओलांडायला जाते. म्हणून बिजागरीचं, भिंतीला स्क्रूने बसवलेलं फाटक लावा. आजीला एका हाताने उघडता आलं पाहिजे, कारण दुसरा हात कठड्यावर असायचा. बाळाला कडेवर घेऊन तिने जिना चढू नये. बसल्यावरच बाळ मांडीवर द्या.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर ओढून उभं करू नका. खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर न हलवता 108 ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. बाळाला पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, झटका किंवा नाका-कानातून पाणी आलं तर थांबू नका.

आणि आजीला "पडलीस का?" असं विचारू नका, ती नाहीच म्हणणार. "या आठवड्यात कुठे तोल गेला?" असं विचारा.