तसबिरीच्या दुकानात ओलिओग्राफ सापडलं तर

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे तसबिरी बांधून देणारं एखादं जुनं, अंधारं दुकान दिसलं, तर भिंतीला टेकवून ठेवलेली थप्पी चाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाडा पडतो, माणसं फ्लॅटमध्ये जातात आणि देव्हाऱ्यावरच्या मोठ्या तसबिरी अशा दुकानांत येऊन पडतात. त्यांत मधूनच राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली, तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत प्रत निघते. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ मध्ये पत्र लिहून रविवर्म्याला चित्रांच्या अशा रंगीत प्रती काढायचं सुचवलं होतं. छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला.

चित्र आवडलं तरी भाव विचारायच्या आधी पाठ बघा. ‘काका, पाछळथी जोवा देशो?’ (मागून बघू द्याल?) एवढं विचारलं की दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. जुन्या चौकटीच्या मागे अरुंद फळ्या आणि गंजलेल्या चुका (बारीक खिळे) असतात. दोन फळ्यांच्या फटीतून हवा-धूळ जाते, म्हणून कागदावर तिथे तपकिरी पट्टे उमटतात. चौकटीच्या ओठाखाली झाकलेली कड मात्र उजळ राहते. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो. मागे नवं प्लायवूड असेल तर लगेच निकाल देऊ नका, चौकट मध्ये कधीतरी बदललेली असू शकते. आणि पाठीला अस्तर म्हणून लावलेला कागदही उलटून बघा. कधीकधी कॅलेंडरच्या देवामागे दुसरं, जास्त जुनं चित्र दडलेलं असतं.

खरी परीक्षा १० पट भिंगाची. ते गालावर किंवा साडीच्या चुण्यांवर धरा, म्हणजे जिथे रंग हळूहळू गडद होतो तिथे. या छपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि त्यावरचे ठिपके कारागिराने हाताने घातलेले. त्यामुळे ते लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात, एका रंगावर दुसरा चढलेला कळतो आणि कडेला एखादा रंग केसभर सरकलेलाही असतो. ऑफसेटच्या नकलेत चारच रंगांचे ठिपके फुलांच्या आकारात, एकसारख्या अंतरावर येतात. फसायला होतं ते इंकजेटच्या प्रतीत, कारण तिचे ठिपकेही विस्कटलेलेच असतात. पण ते फवाऱ्यासारखे बारीक असतात आणि रंगावर रंग चढलेला दिसत नाही. शंका राहिली तर काच काढून, दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं, ते निळसर पांढरं उजळतं. जुना कागद मंद राहतो.

खालच्या समासात छापखान्याचं नाव सापडलं तर उत्तम, पण त्यावर विसंबू नका. नक्कल करणारे नावासकट फोटो काढतात, तेव्हा भिंग अक्षरांवरही फिरवा: कडा ठिपक्यांच्या असतील तर नक्कल. उलट, नाव नाही म्हणून चित्र खोटं असंही नाही. चौकटीत बसवण्यासाठी समास कापायची खोड या धंद्यात जुनीच. साडीवर जर-टिकल्या शिवलेलं चित्र मिळालं तर त्या उसवू नका. तो त्या काळचा शृंगारच आहे. नजर तयार करायची असेल तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आधी निवांत बघून घ्या.

घेतल्यावर खरा धोका दुकानदाराच्या चांगुलपणाचा. ‘साफ करून, नवीन बांधून देतो’ म्हटलं की ओलं फडकं, फेव्हिकॉल आणि कातर आलीच. जसं आहे तसं घरी आणा. हात धुऊन कोरडे करा, पकडीने चुका काढा, धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, रंगाचा थर काचेवरच राहतो. काचेसकट कागद-संवर्धकाकडे न्या. कागदावर पडलेल्या तांबूस डागांना घरगुती उपाय नाही.

परत बांधताना आम्लरहित माउंट बोर्ड मागा. चित्र पूर्ण चिकटवायचं नाही: वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला खाली सरकायला जागा हवी. चारी बाजू चिकटवल्या की तो लाटेसारखा उचलतो. काच आणि चित्रात ३ ते ५ मिलिमीटर अंतर ठेवणारी पट्टी, मागची फट कागदी टेपने बंद, म्हणजे कसर आत जाणार नाही. बाहेरची ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे मागून हवा खेळते.