आधी ऐका, मग खोला : जुन्या गाडीचे ब्रेक आणि चाकाचं बेअरिंग घरी करताना

आमच्या घरी २००५ सालची मारुती ८०० आहे. बाबांनी ती निवृत्तीनंतर घेतली आणि आता चालवते मी. चिपळूण ते कराड हा आमचा नेहमीचा रस्ता, कारण माझी मावशी कराडला असते. दोन वर्षांपूर्वी पाटणच्या पुढे गाडीने साठचा वेग धरला की आतून एक घोंघाट सुरू व्हायचा. जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसा. त्याच पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचं पेडल सकाळपेक्षा खोल जायला लागलं. मी पतसंस्थेत हिशेब बघते, गाडीच्या कामाचा गंध नव्हता. पण घाटात पेडल खोल गेल्यावर पोटात जो गोळा आला, त्याने मला हे शिकायला लावलं. माझ्यासारखं शून्यातून सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली चूक आधी सांगते, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. आवाज पुढून डावीकडून येतो असं मला ठामपणे वाटलं, म्हणून मी गॅरेजमध्ये पुढचं डावं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी, बदलायला सांगितलं. त्यांनी सांगितलेलं काम नीट केलं. परत येताना घोंघाट जसाच्या तसा! शेजारी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरी, पत्र्याच्या डब्यात बसून आवाज कुठून येतो ते कळत नाही. आवाज कधी बदलतो ते बघ." या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे.

आवाज कधी बदलतो, याची उत्तरं अशी शोधायची. मोकळ्या सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला आवाज येऊ द्या आणि मग क्लच दाबून इंजिन सैल सोडा. इंजिनाचा आवाज खाली गेला आणि घोंघाट तसाच राहिला, तर त्याचा संबंध चाकांच्या फिरण्याशी आहे. आता त्याच वेगात, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, गाडी हलकेच डावी-उजवी वळवा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूवर. आमचा आवाज डावीकडे वळताना वाढत होता. म्हणजे मी बदललेल्या बेअरिंगच्या बरोबर विरुद्ध बाजू!

टायरचा आवाजही फसवतो. करवतीच्या दात्यांसारखा झिजलेला टायर अगदी बेअरिंगसारखा गुणगुणतो. ओळखायची खूण अशी की टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आलात की फरक कळतो, बेअरिंग मात्र दोन्हीकडे एकाच सुरात रडतं. शंका राहिली तर पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर बेअरिंगला हात लावू नका.

मग चाक उचलून तपासणी. हात वर आणि खाली, घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून चाक हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल असू शकतं. नऊ आणि तीनवर धरून हलवलं तर पुढच्या चाकात स्टीअरिंगच्या सांध्यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणाही त्यात मिसळतो, म्हणून बारा-सहा जास्त भरवशाचं. पण बेअरिंग घोंघावायला लागतं तेव्हा पुष्कळदा प्ले नसतोच. अशा वेळी काकांनी शिकवलेली युक्ती मला सगळ्यात आवडते : एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात त्या चाकाच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंग शांत असते. खराब बेअरिंगची थरथर बोटांना सरळ लागते, वाळूचे कण दळल्यासारखी. आमच्या मागच्या उजव्या चाकावर हात ठेवला आणि शोध संपला.

गाडी उचलण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. गाडीबरोबर मिळतो तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्यावर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. उचललेली गाडी टेकवायला दोन चांगले जॅक स्टँड विकत घ्या, आणि विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीही लावू नका, ते सूचना न देता फुटतात. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. मारुती ८०० चं इंजिन पुढची चाकं ओढतं आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलून ड्रम (चाकामागचं ब्रेकचं गोल भांडं) काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. मग गाडी धरून ठेवणारा फक्त गिअर आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेली लाकडी पाचर. पुढची बाजू उचललीत तर उलट : गिअर निरुपयोगी, हँडब्रेक आणि मागच्या पाचरी कामाच्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून ठेवा. उचललेल्या गाडीवर पान्याला झटके देणं म्हणजे ती स्टँडवरून ढकलणंच.

आमच्या गाडीत मागचं बेअरिंग ब्रेकच्या ड्रममध्येच बसवलेलं असतं. एक आतलं, एक बाहेरचं, आणि मधे लोखंडी नळीसारखा स्पेसर. म्हणून हे काम घरी जमतं. मधली टोपी काढली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, खाचांचा नट सोडला. ड्रम मात्र निघेना. कोकणातला पाऊस ड्रमला गंजाने घट्ट चिकटवून ठेवतो. ड्रमच्या कडेवर हातोडी मारू नका, बीडाचं लोखंड आहे, टवका उडतो. चाकाच्या बोल्टांच्या मधल्या सपाट भागावर, फिरवत फिरवत ठोका. काही ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट सारखेच आवळत गेलं की ड्रम आपणहून बाहेर येतो.

ड्रम निघाला की आतली काळी धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीत, ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की कायमचं राहतं. साबणाचं पाणी फवारून धूळ ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. मास्क लावा.

बेअरिंग काढताना स्पेसर थोडा बाजूला सरकवून पितळी पंच पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगवर टेकवायचा आणि चारही बाजूंनी थोडं थोडं ठोकायचं. एकाच बाजूने ठोकलं की ते तिरकं होऊन अडकतं. असं काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही, कारण ठोका गोळ्यांमधून गेलेला असतो आणि रिंगवर खळगे पडतात. बसवताना याच कारणासाठी जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा, कारण ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रिंग. मी त्या मापाची पान्याची मोठी गोटी (सॉकेट) वापरली. नवं बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलं आणि ड्रम उन्हात तापवला, तेवढ्याने ते बरंच सहज सरकलं. एक बेअरिंग बसल्यावर स्पेसर घालायला विसरू नका. बेअरिंगची सीलबंद बाजू बाहेर, आणि मधल्या पोकळीत निम्म्याहून कमी ग्रीस. गच्च भरलं तर ते तापून सील ढकलतं आणि लायनरवर येतं. नट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. पिनचं भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

बेअरिंग विकत घेताना रस्त्यावरच्या ढिगातून घेऊ नका. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात नकली माल फार येतो. एसकेएफ या बेअरिंग कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडमध्ये आहे, तरी तिचं नाव छापलेलं प्रत्येक खोकं तिथलं नसतं. अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्या.

ड्रम उघडलाच आहे तर ब्रेक बघून घ्या. लायनर बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचला. आत ओल दिसली तर आतला रबरी कप गळतो आहे. लायनरवर तेल किंवा ग्रीस लागलं असेल तर घासून, जाळून काही होत नाही, बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू हा तुमचा नकाशा. मी पहिल्यांदा एक स्प्रिंग उलटी लावली होती, ती पलीकडे जाऊन बघितल्यामुळेच सापडली.

पुढे डिस्क आणि पॅड असतात, ते काम सोपं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, होजवर (ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघा, भरलेली असेल तर ऑइल वर सांडतं आणि रंग खातं. कॅलिपरच्या पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्याखाली गेली असेल तर टर्निंग करू नका, म्हणजे लेथवर तासून घेऊ नका, नवी घ्या.

आता घाटात खोल जाणाऱ्या पेडलचं कारण. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना त्याचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल प्यायल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक धरला की कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आमचं ऑइल चहासारखं तपकिरी झालं होतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, चिपळूणच्या दमट हवेत तर नक्की. झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच, सीलबंद डबीतलं घ्या.

एअर, म्हणजे ऑइलच्या पाइपांत अडकलेली हवा, काढताना आई पेडलवर बसली. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइलला दाब देतो तो) सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. हवा सोडायच्या छोट्या बोल्टला, म्हणजे निपलला, आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, आणि पाना रिंगचाच, कारण उघड्या तोंडाचा पाना कडा गोल करतो. मी "दाब" म्हटलं की आईने दाबायचं, "धर" म्हटलं की धरायचं, आणि मी निपल उघडून, परत बंद करून "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. पाय आधी उचलला की हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथे गंज असतो, आणि पेडल तळापर्यंत गेलं की त्यावर घासून आतले कप फाटतात. आणि बाटली मधे मधे भरत राहा.

निपल तुटला, पोलादी ब्रेक पाइप गंजलेला निघाला, किंवा मास्टर सिलिंडरच गळत असला, तर तिथे थांबा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या. पुढचं बेअरिंगही मी घरी करत नाही. ते नकलमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, प्रेसने बसवावं लागतं. नकल सोडवून लेथवाल्याकडे नेता येतं, पण नंतर अलाइनमेंट करून घ्यावी लागते.

सगळं झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले तीन-चार दाब रिकामेच जातात. आधी अंगणात, मग गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर. नव्या पॅडवर पहिले दोनेकशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. चाकाचे नट दुसऱ्या दिवशी परत आवळून बघा.

पुढच्या रविवारी मी आणि बाबा कराडला गेलो. घोंघाट नव्हता. परतताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, पेडल वरच राहिलं. घाटाखाली पोफळीला गाडी थांबवून मी चारही चाकांजवळ हाताची पाठ नेली, न टेकवता. पुढची दोन सारखीच गरम. मागच्यांत डावं उजव्यापेक्षा जास्त तापलेलं. घरी येऊन ते पुन्हा उचललं, तर हँडब्रेकची केबल डावीकडे जरा ताणलेली राहिली होती. ती सैल केली, चाक हाताने फिरवलं, आणि स्प्रिंगवर हात ठेवून परत एकदा ऐकलं.