रंगमंचावरची नटी, कॅमेऱ्यासमोरची टेप: मराठवाड्यातल्या घरी सेल्फ-टेप कशी करावी

राज्य नाट्य स्पर्धेत नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रावर काम केलेल्या मुलीला मुंबईहून निरोप येतो: दीड पानांचा प्रवेश पाठवलाय, उद्या संध्याकाळपर्यंत सेल्फ-टेप, म्हणजे घरीच फोनवर केलेलं ऑडिशनचं रेकॉर्डिंग, करून द्या. पाठांतराला तिला अर्धा तास पुरतो. खरी अडचण पुढे येते. फोन कुठे ठेवायचा, पंखा बंद करायचा का, समोर कोण बोलणार, आणि एकनाथ रंगमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज दोन हातांवरच्या माइकसाठी किती उतरवायचा, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. टेप नापसंत होते ती बहुतेक वेळा अभिनयाच्या उणिवेपेक्षा या गोष्टींमुळे.

कॅमेऱ्याचं काम हवं म्हणून नाटक सोडायची गरज नाही. कॅनडाच्या मार्था हेन्री यांची कारकीर्द डोळ्यांसमोर ठेवावी. जन्म 1938 चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा. 1959 मध्ये त्या कॅनडात आल्या आणि मॉन्ट्रियलच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाच्या पहिल्या पदवीधर ठरल्या. 1962 मध्ये ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या नाटकात मिरांडाची भूमिका केली. स्ट्रॅटफर्ड हे रेल्वेच्या कारखान्यावर जगलेलं छोटं गाव. तिथला नाट्यमहोत्सव 1953 मध्ये तंबूत सुरू झाला. पुढची अनेक दशकं हेन्री याच रंगमंचावर परत परत येत राहिल्या, मधल्या काळात सिनेमा-टीव्हीची कामं केली आणि 1986 च्या ‘डान्सिंग इन द डार्क’मधल्या गृहिणीच्या भूमिकेसाठी कॅनडाचा जिनी हा चित्रपट पुरस्कार मिळवला. त्या भूमिकेत बोलण्यापेक्षा गप्प चेहऱ्याचं काम जास्त आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये त्या गेल्या, त्याच्या काही दिवस आधीपर्यंत स्ट्रॅटफर्डला प्रयोग करत होत्या. रंगमंचाचा पाया पक्का असला की कॅमेरा जड जात नाही. जागेप्रमाणे माप मात्र बदलावं लागतं.

आधी आवाज आणि डोळे

स्ट्रॅटफर्डच्या मुख्य नाट्यगृहात प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात आणि कोणतीही खुर्ची रंगमंचापासून 65 फुटांपेक्षा लांब नाही. हा आकडा सरावासाठी धरा. शाळेच्या मैदानावर किंवा गच्चीत मैत्रिणीला 65 फुटांवर उभी करा आणि प्रवेशातली चार वाक्यं तिला ऐकू जातील अशी म्हणा. मग ती 15 फुटांवर, मग 3 फुटांवर. तिसऱ्या वेळी आवाज आपोआप बोलण्याचा होतो. टेपला हाच आवाज लागतो.

इथे एक ठरलेली चूक होते. आवाज कमी करताना श्वासही कमी घेतला जातो, वाक्याचा शेवट गळतो आणि ‘मी येणार नाही’मधलं ‘नाही’ ऐकूच येत नाही. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे शेवट गेला की अर्थच गेला. श्वास नाटकाइतकाच पोटातून घ्या, फक्त फेक कमी करा. आपल्याकडच्या बऱ्याच सभागृहांत समोर उभे किंवा वरून टांगलेले माइक असतात, आणि नटाला माइकच्या दिशेने सरकून बोलायची सवय लागते. टेपमध्ये ती सवय लगेच दिसते: मान पुढे येते, हनुवटी वर जाते. खुर्चीच्या पाठीला पाठ टेकवून दोनदा प्रवेश म्हटला की लक्षात येतं.

डोळ्यांचं माप तर त्याहून बारीक. रंगमंचावर नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाते. छातीपर्यंतच्या चौकटीत बुबुळ जरा हललं तरी ती मोठी हालचाल ठरते. विचार करताना खाली पाहू नका, पापण्या डोळे झाकतात आणि पाहणाऱ्याला फक्त कपाळ उरतं. भुवयांनी दर शब्दावर जोर द्यायची सवय असेल तर कपाळावर चिकटपट्टीचा तुकडा लावून एक तालीम करा. भुवई उडाली की पट्टी ओढली जाते.

संहितेवर पेन्सिलने खुणा करा, पण स्वतःच्या वाक्यांवर नाही. समोरच्याच्या कोणत्या शब्दावर तुमचा विचार बदलतो, तिथे करा. टेप पाहणारा तुम्ही बोलताना जितकं पाहतो तितकंच तुम्ही ऐकताना पाहतो, कारण संकलनात ऐकणाऱ्याचा चेहरा वारंवार वापरला जातो. नाटकात पुढचं वाक्य घेण्याच्या तयारीत थांबणं खपून जातं. इथे खपत नाही.

खोली, उजेड, फोन

सकाळी 7 ते 9 ही वेळ सगळ्यांत चांगली. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपलीकडे जातो, पंखा-कूलर बंद करून टेप करायची तर चेहरा घामाने चमकतो आणि फोन तापून रेकॉर्डिंग थांबवतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दमट होतो. कव्हर काढून सावलीत दहा मिनिटं ठेवा. घरावर पत्रे असतील तर ऊन चढताना ते कडकड वाजतात, तेही सकाळी टळतं. शिवाय खिडकीच्या उजेडाला वीज लागत नाही, भारनियमनाची काळजी नाही.

खिडकी तुमच्या समोर, थोडी एका बाजूला असावी. पाठीमागे कधीच नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पांढरं धोतर किंवा पातळ ओढणी लावा. चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारात जात असेल तर त्या बाजूला दोन-तीन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट उभी करा.

मागे पांढरीशुभ्र भिंत टाळा. फोन चौकटीतला उजेड आपोआप मोजतो, पांढरं जास्त दिसलं की सगळंच गडद करतो, आणि गव्हाळ-सावळा चेहरा बुडतो. फिकट निळी किंवा राखाडी चादर इस्त्री करून ताणून लावा. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे उभ्या राहा, म्हणजे सावली पडत नाही. गोरं करणारी फिल्टरं बंद. तुमचा रंग आहे तसा दिसला पाहिजे.

फोन आडवा, मागचा कॅमेरा, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत आणि टेकूला पाण्याने भरलेली बाटली चालते. फोन पाच-सहा फुटांवर ठेवा आणि 2 एक्स लेन्स असेल तर ती वापरा. अगदी जवळून घेतलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चौकट छातीच्या मध्यापासून डोक्यावर चार बोटं मोकळी राहतील इतकी. सेटिंगमध्ये 1080पी पुरेसं आहे, 4के मुळे फाइल उगाच जड होते. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. हे विसरलं तर हात हलला की चित्र उजळतं-विझतं. फोन एअरप्लेन मोडवर.

रात्रीच टेप करावी लागली तर एलईडी बल्बखाली चित्रात सरकणारे पट्टे येऊ शकतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, स्वस्त बल्ब त्या तालावर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि फोनच्या सेकंदाला 30 फ्रेमशी (चित्रांशी) त्यांचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये 25 फ्रेम आणि शटर 1/50 करा, पट्टे जातात.

आवाज

चित्र मध्यम असेल तर पाहणारा सांभाळून घेतो, आवाज घुमत असेल तर घेत नाही. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज भिंतींवर आपटतो. फोनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर वाकळ किंवा गोधडी टांगा, पायाखाली सतरंजी घाला. जाड वाकळीसारखं आवाज पिणारं दुसरं काही घरात सहसा नसतं. कॉलरचा साधा वायरचा माइक हनुवटीखाली एक वीत लावा. पदर किंवा ओढणी त्यावर घासणार नाही हे बघा. काचेच्या बांगड्या, पैंजण काढून ठेवा. बारीक चौकड्यांचे कपडे नकोत, चित्रात लाटा उठतात.

समोरची वाक्यं वाचायला नणंद, भाऊ, मैत्रीण कोणीही चालेल, फक्त त्यांनी अभिनय करू नये. त्यांनी लेन्सच्या अगदी शेजारी, एका वितीवर, तुमच्याच उंचीला बसावं. तुम्ही त्यांच्या डोळ्यांत पाहायचं, लेन्समध्ये नाही. ते फोनजवळ असतात म्हणून त्यांनी अर्ध्या आवाजात बोलावं, नाहीतर टेपमध्ये तेच जास्त ऐकू येतात.

बोलीचं काय करायचं

संहिता प्रमाण मराठीत असेल तर प्रवेश आधी फक्त आवाजात रेकॉर्ड करून ऐका. ‘काय करतेयस’च्या जागी ‘काय करायलीस’ तोंडात येतं का, वाक्याच्या शेवटी सूर वर चढतो का, तेवढंच दुरुस्त करा. प्रत्येक शब्द घासून गुळगुळीत केला की बोलण्यातला जीव जातो.

भूमिका ग्रामीण असेल तेव्हा उलटी चूक होते. मालिकांतून ऐकलेली कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली बीड-परभणीची मुलगी उसनी घेते आणि ती तिच्या तोंडी बसत नाही. एक टेक संहितेप्रमाणे द्या, दुसरा आपल्या बोलीत. ‘माझं’ला ‘मपलं’ म्हणणारी मुलगी खरी बोलतेय हे ज्याला बोली कळत नाही त्यालाही जाणवतं. बोलीतला टेक देताना वाक्याचा अर्थ आणि समोरच्याला मिळणारा शेवटचा शब्द बदलू नका.

टेक आणि पाठवणी

आधी ओळख: नाव, उंची, सध्याचं गाव, येणाऱ्या भाषा, मग डावी आणि उजवी बाजू. ही वीस सेकंदांत उरका, आणि मागितली असेल तशीच द्या. इथे लेन्समध्ये पाहायचं. उंची खरी सांगा, सेटवर दोन इंच लपत नाहीत.

प्रवेशाचे पाच-सहापेक्षा जास्त टेक घेऊ नका. त्यानंतर नट स्वतःच्याच आधीच्या टेकची नक्कल करू लागतो. दोन टेक पाठवायला सांगितले असतील तर ते खरोखर वेगळे हवेत: एकात समोरच्याला थांबवायचंय, दुसऱ्यात त्याला जाऊ द्यायचंय. फक्त आवाज वाढवलेला टेक वेगळा ठरत नाही. संगीत, शीर्षकं, संथ गती काहीही घालू नका.

व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि चेहरा मातकट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवून लिंक असणाऱ्या कोणालाही उघडता येईल अशी परवानगी द्या. परवानगी न दिल्याने न उघडलेल्या टेपा खूप असतात. दुसऱ्याच्या फोनवर लिंक उघडून पाहा, मगच पाठवा. फाइलच्या नावात तुमचं नाव, भूमिका आणि टेकचा क्रमांक लिहा.

ऑडिशनसाठी, ‘नोंदणी’साठी किंवा त्यांनीच सुचवलेल्या फोटोग्राफरसाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. काम देणारा नटाला पैसे देतो, घेत नाही. रात्री एकटीला हॉटेलच्या खोलीत बोलावणं म्हणजे ऑडिशन नव्हे. काम ठरलं की दिवस किती, दर दिवसाचे किती, राहणं-जेवण-प्रवास कोणाकडे आणि पैसे किती दिवसांनी, हे लेखी घ्या. मालिकांत मानधन तीन महिन्यांनी येणं नेहमीचं आहे, तेवढ्या काळाचा मुंबईतला खर्च जवळ असू द्या. मानधनातून सहसा 10 टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापला जातो. पॅन कार्ड जोडलेलं असलं आणि विवरणपत्र भरलं की उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यास तो परत मिळतो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे 2013 च्या कायद्याने महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. त्या समितीत कोण आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

प्रत्यक्ष बोलावणं आलं तर देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट ऑडिशनला जाऊ नका, रात्रभराच्या प्रवासाने आवाज बसलेला असतो. एक दिवस आधी पोहोचा. जाताना टेपमधलेच कपडे आणि तीच केसांची ठेवण ठेवा, कारण त्यांनी निवड त्या चेहऱ्याची केलेली असते. टेपमध्ये कोणत्या शब्दाला कुठला हात उचलला होता तेही एकदा बघून जा. तोच प्रवेश पुन्हा मागतात, आणि तुम्ही तो जुळवू शकता का हे पाहतात.