अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

अपडेट झाले, संगणक आपोआप रीस्टार्ट झाला आणि आता लोगो येतो, टिंबे गोल फिरतात, एररची स्क्रीन झळकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुकानात नेला की 'फॉरमॅट मारावा लागेल' हे उत्तर ठरलेले असते. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अपडेट बसवताना विंडोज बदललेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या लगेच टाकून देत नाही, त्यामुळे ते अपडेट काढले की संगणक बऱ्याचदा उठतो. खाली दिलेला क्रम विंडोज १० आणि ११ दोन्हींना चालतो. कमीत कमी नुकसानीचा उपाय आधी आणि डेटाला धोका असलेला शेवटी, असा तो आहे. तो उलटा करू नका.

आधी संगणक खरेच अडकला आहे का ते बघा. स्क्रीनवर टक्केवारी दिसत असेल किंवा बदल मागे घेत असल्याचा संदेश असेल तर वीज तोडू नका. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम दोन तासही घेते. लॅपटॉपला चार्जर लावा, डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. ऐन अपडेटमध्ये वीज गेली तर बिघाड दुप्पट होतो. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क, डोंगल सगळे काढा, फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवा. एरर स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावरचा स्टॉप कोड (एररचे सांकेतिक नाव) आणि खाली एखाद्या फाइलचे नाव असेल तर ते, या दोन गोष्टी पुढे फार उपयोगी पडतात.

दुरुस्तीच्या निळ्या मेनूत शिरणे

संगणक सुरू करा. लोगोखाली टिंबे फिरू लागली की पॉवरचे बटण दहा-एक सेकंद दाबून धरा आणि तो बंद पाडा. असे दोनदा-तीनदा केले की विंडोज स्वतःच 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणते आणि निळा मेनू उघडते. टक्केवारी चालू असताना मात्र हा प्रयोग करू नका.

मेनू आलाच नाही तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा. त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्या. बूट मेनूसाठी एचपीवर एफ९, डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. पेन ड्राइव्हवरून सुरू झाल्यावर इन्स्टॉल नव्हे, रिपेअरचा पर्याय निवडा.

मेनू दिसतो पण माउस-कीबोर्ड हलत नाही, असेही होऊ शकते. ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११ अपडेटने नेमका हाच घोळ केला होता: दुरुस्तीच्या मेनूत यूएसबी कीबोर्ड-माउस बंद पडत. मायक्रोसॉफ्टने आठवड्याभरात सुधारित अपडेट दिले, पण ज्याचा संगणक त्याआधी अडकला त्याला टचस्क्रीन, जुना गोल पिनचा कीबोर्ड किंवा वरचा पेन ड्राइव्ह हेच मार्ग होते.

बिटलॉकरची किल्ली आधी हाताशी ठेवा

अनेक जण इथेच अडकतात. घरगुती लॅपटॉपची डिस्कही आजकाल बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने, आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग दुरुस्तीच्या मेनूत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, डिव्हाइसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपसमोर ती सापडेल. एकाहून जास्त किल्ल्या असतील तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवा. लॅपटॉप पहिल्यांदा मुलाच्या किंवा भावाच्या खात्याने सुरू केला असेल तर किल्ली त्यांच्या खात्यात असेल. ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांकडे. किल्ली नसेल तर डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, कितीही पैसे मोजले तरी. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी संगणकाची मूळ सेटिंग) सिक्युअर बूटसारख्या सेटिंग उगाच बदलू नका, त्यानेही ही किल्ली मागितली जाते.

अपडेट काढणे

ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स. इथे दोन पर्याय दिसतात. दर महिन्याचे सुरक्षा अपडेट म्हणजे क्वालिटी अपडेट. विंडोजची नवी आवृत्ती म्हणजे फीचर अपडेट. बहुतेक वेळा दोषी पहिले असते, म्हणून आधी तेच काढा. अर्धा तास सहज लागतो. आवृत्तीच बदलली असेल तर दुसरा पर्याय, पण तो साधारण दहा दिवसच उपलब्ध असतो. त्यानंतर किंवा डिस्क क्लीनअपने 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर पुसले असेल तर परतीचा रस्ता बंद होतो.

काढता येत नाही असा संदेश आला तर अपडेट अर्धवट बसलेले असण्याची शक्यता मोठी. दर वेळी सुरू होताना विंडोज उरलेले काम पुरे करायला जाते आणि तिथेच कोसळते. यावर त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधला कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडा. पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग वापरा, तिरप्या रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा. आधी 'डीआयआर सी:' टाइप करा आणि विंडोज व यूजर्स ही फोल्डर दिसतात का ते पाहा. दुरुस्तीच्या मेनूत ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नसतील तर डी:, ई: तपासा आणि पुढे तेच अक्षर वापरा.

डीआयएसएम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स

ती पुरी झाली की रीस्टार्ट. तरीही विंडोज उठले नाही तर सिस्टिम फाइली तपासा:

एसएफसी /स्कॅननाउ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

डिस्क खडखडत असेल किंवा फार मंद झाली असेल तर चेकडिस्क ही डिस्क तपासणारी आज्ञा चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ती तासन्‌तास ताण देते. आधी डेटा काढा. कसा ते शेवटी सांगितले आहे.

दोषी ड्रायव्हर असेल तर

फोटोत ज्या फाइलचे नाव दिसते ती बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' दिसले तर एनव्हीडियाचे ग्राफिक्स कार्ड. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग सेफ मोडसाठी ४ किंवा इंटरनेटसह सेफ मोडसाठी ५. खात्याचा पासवर्ड आठवून ठेवा, सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही. आत गेल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. बटण फिके असेल तर ड्रायव्हर काढून निर्मात्याच्या साइटवरचा आधीचा बसवा.

अँटिव्हायरसही याच रांगेत येतो, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोज पुरते उठण्याआधीच चालू होतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक असेच पाडले. मायक्रोसॉफ्टचे अपडेट तिथे दोषी नव्हतेच. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसली की संगणक उठत होता, आणि तिथेही अनेकांना बिटलॉकरच्या किल्लीनेच अडवले.

स्टॉप कोड 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर बायोस बघायला हवे. विंडोज अपडेटमधून बायोसचेही अपडेट येते आणि त्यात कधी स्टोरेज मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) बदलतो. रेड किंवा व्हीएमडी होते तिथे एएचसीआय झाले, किंवा उलट, की विंडोजला स्वतःची डिस्कच दिसत नाही. किल्ली हाताशी ठेवून मोड पूर्वीसारखा करून पाहा. फरक पडला नाही तर परत फिरवा.

विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारे सिस्टिम रिस्टोअरही ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्येच आहे. अपडेटआधीचा रिस्टोअर पॉइंट दिसला तर जरूर वापरा, तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही.

डेटा बाहेर, मग रिसेट

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नोटपॅड' टाइप करा. फाइल, ओपन, आणि खाली ऑल फाइल्स निवडा. ही खिडकी चक्क फाइल एक्सप्लोररसारखी वापरता येते: यूजर्समधले आपले फोल्डर कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर थांबा.

त्यानंतरच ट्रबलशूटमधले 'रिसेट धिस पीसी' (विंडोज नव्याने बसवणे), आणि त्यात 'कीप माय फाइल्स'. कागदपत्रे आणि फोटो राहतात, पण बसवलेले सगळे प्रोग्रॅम जातात. टॅली, डीटीपीचे सॉफ्टवेअर, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, सगळे पुन्हा बसवावे लागते, म्हणून लायसन्सचे क्रमांक आधी शोधून ठेवा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये डेटा साठवणारे सॉफ्टवेअर असेल तर तेही फोल्डर बाहेर काढा.

रिसेटची वेळ न येता संगणक उठला, तर लगेच सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट 'पॉज' करा, नाहीतर तेच अपडेट रात्रीतून परत बसेल. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. तेवढ्यात सुधारित अपडेट येण्याची शक्यता बरीच असते. याच मुदतीत सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट तयार करा आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत नाही, घरातल्या कपाटात ठेवा.